मुंगसाचं इंग्रजी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



इंग्रजी शिकायला बसलेल्या माणसाला सगळ्यांत आधी भेटतात ते प्राणी. सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. डी-ओ-जी डॉग, डॉग म्हणजे कुत्रा. माझ्या पिढीला हे मांजर पाचवीत भेटलं, कारण तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं. प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते आणि त्या निर्णयावर बरंच रण माजलं होतं. आता मराठीचं काय होणार, असा एका बाजूचा सवाल होता. गरिबाच्या पोरानं इंग्रजी शिकायचं तरी कुठं, असा दुसऱ्या बाजूचा. त्या वादाला दोन तपं उलटून गेली. मांजर मात्र पाचवीतून उठून पहिलीत येऊन बसलं ते बसलंच.

आज मी तुमच्याशी इंग्रजीतल्या एकाच प्राण्याच्या नावाविषयी बोलणार आहे. तो शब्द कुठून आला, त्याचा उच्चार कसा करायचा, तो वाक्यात कसा घालायचा आणि त्याचं अनेकवचन काय, एवढाच विषय. विषय शाळेतला आहे, पण तो शाळेत संपत नाही.

पर्वतीच्या बाजूला एका वस्तीत संध्याकाळी मुलांची अभ्यासिका भरते. आठवड्यातून दोन दिवस मी तिथं जातो. एकदा सहावीतली एक मुलगी आल्या आल्या सांगायला लागली, ‘सर, आज सकाळी टेकडीच्या पायथ्याला दोन मुंगसं बघितली. एक पुढं पळालं. मागचं थांबलं, उभं राहिलं आणि माझ्याकडं बघत बसलं.’ तिच्या डोळ्यांत ते मुंगूस अजून उभं होतं. तेवढ्यात तिनं शाळेतला गृहपाठ काढला. ‘मी पाहिलेला प्राणी’ यावर इंग्रजीत दहा ओळी लिहायच्या होत्या. मी वहीत पाहिलं, तर पहिली ओळ होती, ‘द काऊ इज अ डोमेस्टिक अ‍ॅनिमल.’ गाय हा पाळीव प्राणी आहे. पुढं तिचे चार पाय, दोन शिंगं आणि एक शेपूट.

मी म्हटलं, ‘अगं, मुंगसावर का नाही लिहिलंस?’

ती म्हणाली, ‘मुंगसाला इंग्रजीत काय म्हणतात ते येत नाही ना, सर.’

श्रोतेहो, आपल्याकडं इंग्रजी शिकताना असं हजारो मुलांचं होतं. मूल जे पाहतं ते लिहीत नाही. ज्याचा शब्द पाठ आहे ते लिहितं. म्हणून आपल्या पोरांच्या वह्यांत त्याच त्या गायी चरत असतात. खारी, घोरपडी, टिटव्या, मुंगसं वहीच्या बाहेरच राहतात.

मी फळ्यावर शब्द लिहिला. एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई. मुलीनं एकेक अक्षर जोडत वाचलं, ‘मॉन... मॉं... गूस.’ मग थांबली आणि म्हणाली, ‘सर, हे तर मुंगूसच आहे!’ मागच्या रांगेतून एक मुलगा ओरडला, ‘म्हणजे इंग्रजांनी आपला शब्द ढापला?’

त्याच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं.

सतराव्या शतकात जॉन फ्रायर नावाचा एक इंग्रज डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत इकडं आला. सुरत, मुंबई असा फिरला. १६७५ मध्ये आपल्या जुन्नरलाही येऊन गेला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली लंडनला छापलं गेलं आणि त्यात मुंगसाचा उल्लेख याच नावानं आला आहे. पुढं हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा एक मोठा कोश केला. ‘हॉब्सन-जॉब्सन’ असं त्याचं गमतीदार नाव. तो १८८६ मध्ये निघाला आणि त्यात मुंगूस आहे. नंतर रुडयार्ड किपलिंगनं १८९४ च्या ‘द जंगल बुक’मध्ये रिक्की-टिक्की-टावी या मुंगसाची गोष्ट लिहिली आणि हा शब्द जगभरच्या इंग्रजी वाचणाऱ्या मुलांच्या ओठांवर गेला. किपलिंगचा जन्म १८६५ सालचा, मुंबईचा. त्यालाही हा शब्द इथल्याच मातीत भेटलेला.

आजचे बहुतेक इंग्रजी शब्दकोश ‘मॉंगूस’ या शब्दापुढं मूळ भाषा म्हणून मराठीचं नाव लिहितात. रोजच्या वापरातल्या इंग्रजीत मराठीतून गेलेले शब्द शोधायला गेलं, तर बोटांवर मोजण्याइतके सापडतील. त्यात हा एक. फ्रेंचमध्ये ‘मांगूस्त’, स्पॅनिशमध्ये ‘मांगोस्ता’, जर्मनमध्ये ‘मुंगो’, जपानीत ‘मांगूसु’. सगळीकडं आपलं मुंगूस ओळखू येतं. पर्वतीच्या पायथ्याची मुलगी उद्या तोक्योला गेली तरी या एका प्राण्यापुरती तिची अडचण होणार नाही.

आता कुणाची छाती अभिमानानं फुगली असेल, तर तिला थोडं थांबवतो. कारण शब्दाची गोष्ट इथं संपत नाही. तेलुगूत मुंगसाला ‘मुंगिस’ म्हणतात आणि कानडीत ‘मुंगुसी’. यूल आणि बर्नेल यांनी मूळ शब्द तेलुगू मानला, आणि लगेच असंही नोंदवलं की, जर्डन नावाचा प्राणिशास्त्रज्ञ हा शब्द दख्खनी आणि मराठी म्हणून देतो. आजचे अभ्यासकही मराठी शब्दाच्या मागं द्राविडी शब्द पाहतात. उत्तरेत मुंगसाला नेवला म्हणतात, संस्कृतात नकुल. आपण मराठी माणसांनी पांडवांतल्या चौथ्या भावाचं नाव नकुलच ठेवलं, पण बांधावर दिसणाऱ्या प्राण्याला मात्र शेजारच्या कानडी-तेलुगू माणसाचा शब्द घेतला. म्हणजे इंग्रजांनी आपल्याकडून घेतला, हे खरं. आणि आपण त्याआधी शेजाऱ्याकडून घेतला होता, हेही तितकंच खरं. ढापाढापी म्हणायची तर त्यात आपणही आलो.

इंग्रजीतल्या प्राण्यांची नावं अशी तपासायला लागलं की गंमत येते. चीता इकडून गेला, लंगूर, सांबर, घडियाल इकडून गेले. आपली घूस इंग्रजीत ‘बँडिकूट’ झाली, ती तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून, म्हणजे डुकरासारखा उंदीर. ‘जॅकल’ म्हणजे कोल्हा, तो फारसीतल्या ‘शगाल’पासून तुर्कीमार्गे विलायतेला पोचला, आणि फारसी शगाल हा संस्कृत शृगालाचा भाऊबंद. जो शब्द घोकताना आपल्या मुलाला घाम फुटतो, त्याचं कूळ कधीकधी आपल्या परसात निघतं.

आता वापराकडं वळू. शब्द पाठ होणं आणि शब्द वापरता येणं यांत नदीकाठी बसणं आणि पोहणं इतकं अंतर आहे.

पहिली गोष्ट लिंगाची. हिंदी-उर्दूत नेवला पुल्लिंगी. मराठीत मात्र ‘ते मुंगूस’. नपुंसकलिंग मराठीनं जपलं, हिंदीनं सोडलं. इंग्रजीत प्राण्याला ‘इट’ म्हणतात. मराठीतलं ‘ते’ आणि इंग्रजीतलं ‘इट’ इथं बरोबर जुळतात. या एका बाबतीत मराठी मुलाला इंग्रजी जवळचं वाटायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट त्या ‘अ’ आणि ‘द’ची. आपली मुलं ‘आय सॉ मॉंगूस’ म्हणतात. त्यांना शिक्षक म्हणतात, आर्टिकल राहिलं. आर्टिकल म्हणजे काय, याची व्याख्या मुलं पाठ करतात आणि पुढच्या वाक्यात पुन्हा विसरतात. मला वाटतं, इथं आजीच्या गोष्टी कामाला येतात. गोष्टीत आजी काय म्हणते? ‘एक होतं मुंगूस.’ आणि दुसऱ्या वाक्यात? ‘ते मुंगूस एका ब्राह्मणाच्या घरी राहायचं.’ पहिल्यांदा ओळख करून देताना ‘एक’, ओळख झाल्यावर ‘ते’. इंग्रजीतही साधारण तसंच. पहिल्यांदा ‘अ मॉंगूस’, नंतर ‘द मॉंगूस’. आजीला आर्टिकल येत होतं, फक्त त्याला आर्टिकल म्हणतात हे ठाऊक नव्हतं.

तिसरी गोष्ट अनेकवचनाची, आणि खरी मेख तिथंच आहे. मुलांनी ‘गूस’ म्हणजे हंसासारखा पक्षी, हे शिकलेलं असतं. एक गूस, अनेक गीस. मग एक मॉंगूस, तर अनेक मॉंगीस? हुशार मूल असंच लिहिणार. यावर इंग्रजीत एक जुना विनोद आहे. एका माणसाला दोन मुंगसं मागवायची होती. त्यानं पत्रात ‘मॉंगूसेस’ लिहिलं, बरं वाटेना म्हणून खोडलं. ‘मॉंगीस’ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं, ‘कृपया एक मुंगूस पाठवावे. ता. क. सोबत आणखी एक पाठवावे.’

बरोबर रूप आहे ‘मॉंगूसेस’. काही अमेरिकी कोश ‘मॉंगीस’चीही नोंद करतात, पण परीक्षेत आणि व्यवहारात ‘मॉंगूसेस’ हेच लिहावं. आणि असं का, हे मुलाला सांगावं. गूस-गीस, फुट-फीट, टूथ-टीथ ही रूपं इंग्रजीच्या हजार वर्षांपूर्वीच्या घरातली आहेत. तिथला जुना स्वरबदल आजवर टिकून राहिला. मुंगूस त्या घरात उशिरा आलं. त्याचा गूस पक्ष्याशी काडीचाही संबंध नाही. इंग्रज कानाला ‘-गूस’ हा शेवट ओळखीचा वाटला, म्हणून स्पेलिंग त्या पक्ष्यासारखं झालं, इतकंच. आपणही हेच केलं आहे. ‘रिक्रूट’ हा शब्द आपल्या कानावर पडला आणि आपण त्याचा ‘रंगरूट’ केला. त्यात ना रंग, ना रूट. ओळखीचं काहीतरी ऐकू आलं की जीभ तिकडं वळते. ही माणसाची सवय आहे, तिला देश नाही.

आणि अनेकवचनाचा घोळ एकट्या इंग्रजीत आहे असं समजू नका. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला विचारा. एक मुंगूस, अनेक मुंगसं. मधला ‘गू’ कुठं गेला? एक माणूस, अनेक माणसं. एक लाकूड, अनेक लाकडं. आपण कधी हा नियम पाठ केला नाही. आईच्या तोंडून ऐकला आणि जिभेवर बसला. इंग्रजी मुलाचं ‘गीस’ही तसंच बसतं. त्यात त्याची हुशारी नाही आणि आपल्याला ते यायला वेळ लागतो यात आपला कमीपणा नाही.

इथं मला जे सांगायचं आहे त्यापाशी आलो. शब्द कुणाचा होतो? इंग्रजीनं मुंगूस घेतलं आणि त्याला आपला साधा ‘एस’चा प्रत्यय लावला. त्या दिवशी ते इंग्रजी झालं. आपण टेबल घेतलं. मग टेबलं केली, टेबलावर वही ठेवली, टेबलाखाली मांजर बसवलं. त्या दिवशी टेबल मराठी झालं. जमीन, वकील, दुकान, बाजार हे शब्द फारसीतून आले. आपण जमिनीवर बसलो, वकिलाकडं गेलो, दुकानातून गूळ आणला. आज या शब्दांना ‘तुम्ही कुठले?’ असं कुणी विचारत नाही. जो शब्दाला आपली विभक्ती लावतो, त्याचा तो शब्द.

मी मराठीत कविता लिहितो. कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी जवळ येऊन प्रेमानं म्हणतं, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ हेतू चांगला असतो, मी आभार मानतो. पण माझ्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या कवीला हे वाक्य कुणी ऐकवत नाही, हे माझ्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला तो सतराव्या शतकात. तरी आमच्या मराठीचं अजून कौतुक व्हावं, याचं नवल वाटतं. घरात आम्ही दख्खनी बोलत मोठे झालो आणि उंबऱ्याबाहेर मराठी. मघाशी सांगितलेल्या त्या जर्डनसाहेबानं मुंगूस हा शब्द दख्खनी आणि मराठी असा दोन्हीकडं दाखवला, ते वाचून मला फार बरं वाटलं. एका शब्दापुरता का होईना, उंबरा मधून निघाला.

शब्द किती लांब जातात, याचं आणखी एक उदाहरण. पंचतंत्रातली ब्राह्मणी आणि मुंगसाची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बाळाला वाचवण्यासाठी मुंगसानं साप मारला, त्याचं रक्ताळलेलं तोंड पाहून आईचा गैरसमज झाला आणि तिनं त्यालाच मारलं. ही गोष्ट सहाव्या शतकात इराणला गेली, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं ती अरबीत आणली, तिथून युरोपात पसरली. पण जिथं मुंगूस नव्हतं तिथल्या लोकांनी आपल्या ओळखीचा प्राणी घातला. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये मुंगसाच्या जागी गेलर्ट नावाचा इमानी कुत्रा आला आणि बेडगेलर्ट नावाच्या गावात त्याची समाधीही दाखवतात. गोष्ट पोचली, मुंगूस वाटेत राहिलं.

पुढं उलटं झालं. १८७२ मध्ये उसातले उंदीर मारायला म्हणून कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैका बेटावर नेली. तिथून ती १८८३ मध्ये हवाईला गेली. १९७९ मध्ये जपानच्या अमामी बेटावर विषारी साप कमी करण्यासाठी मुंगसं सोडली. सगळीकडं त्यांनी नेमून दिलेल्या कामापेक्षा तिथल्या पक्ष्यांचा आणि छोट्या प्राण्यांचाच फडशा जास्त पाडला. अमामीवरून मुंगूस पूर्ण हटलं असं जपान सरकारनं सांगितलं ते २०२४ च्या सप्टेंबरात. या वेळी प्राणी गेला आणि आपलं नाव गळ्यात बांधूनच गेला.

आता शेवटचं, आणि ते पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी. सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीची इमारत आहे. १९६७ पासून ही संस्था महाराष्ट्रातल्या मुलांची पाठ्यपुस्तकं तयार करते. तिच्या पाठीमागं टेकडी आहे आणि त्या टेकडीवर आजही मुंगसं फिरतात. पुस्तक आणि मुंगूस यांच्यात अंतर असलंच तर हाकेचं आहे. ते ओलांडायला फार काही लागत नाही. मुलानं पाहिलेल्या प्राण्याचं नाव त्याला आधी विचारावं. मग त्या नावाचं इंग्रजी सांगावं. आपल्याला येत नसेल तर दोघांनी मिळून शब्दकोश उघडावा. मोबाइलवर आता कोश असतात, त्यांत उच्चारही ऐकू येतो. एका दिवसाला एकच शब्द, पण पाहिलेल्या वस्तूचा. आणि त्या शब्दाची दोन वाक्यं, एक एकवचनाचं, एक अनेकवचनाचं. गाय, कुत्रा, मांजर हे येतीलच, त्यांची घाई नको.

इंग्रजी मोठ्या घरची भाषा आहे आणि आपण तिच्या दारात उभे आहोत, अशी एक भीती गरीब घरांत फार खोलवर बसलेली आहे. मुलाला एकदा दाखवून द्या, की त्या घरात आपल्या ओळखीचं कुणीतरी आधीच जाऊन राहिलं आहे. मग बघा, ते मूल किती मोकळेपणानं आत पाऊल टाकतं.